मोजणी होईपर्यंत

रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावाच्या वरच्या अंगाला उमाताईंचा सडा, म्हणजे कातळाचं मोकळं माळरान, आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो जनावरांना, पाखरांना आणि रानफुलांना सोडून दिला आणि फाटकावर पाटी लावली: 'कुणीही यावं, पायवाटेनं फिरावं, काही तोडू नये.'

ही पाटी त्यांच्या थोरल्या भावाला, गोपाळकृष्णांना, कधी पटली नाही. त्यांची हयात हापूसच्या कलमांत गेलेली. गवत दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात.

"काय गो उमे, जमीन आहे की धर्मशाळा?"

"धर्मशाळाच, दादा. तूही येत जा."

बहीणभावांच्या जमिनींमध्ये एक पट्टा आहे. तो कुणाचा, यावर वाद. दादांनी त्याला छातीएवढा दगडी गडगा घातला आणि जाहीर केलं, "मोजणी होईपर्यंत पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही!" पट्ट्यात झरा आहे. भेकरं, ती रानातली छोटी हरणं, गडग्यापाशी येतात, पाण्याचा वास घेतात आणि तहानलेली परततात.

"दादा, एक वाट तरी सोड रे त्यांना."

"त्यांना म्हणावं, मोजणीचा अर्ज करा."

भादव्यात सडा फुलला. रविवारी फुलं बघायला पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी उमाताई पोहे-नारळ आणायला रत्नागिरीत गेल्या, आणि दादा खांद्याला ग्रासकटर अडकवून सड्यावर चढले. पाहुणे येणार म्हणजे आधी बेणणी. बागेत झाडून सगळं रान कापून काढायचं, ही पिढीजात रीत. संध्याकाळपर्यंत सड्याचा तुळतुळीत गोटा झाला.

रात्री उशिरा परतलेल्या उमाताई सकाळी बघतच राहिल्या.

"कसं लख्ख केलंय बघ! मजुरी नको हो मला. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न."

उमाताईंचे डोळे भरून आले. दादांना वाटलं, आनंदानं. तेवढ्यात पाहुणे आले.

"फुलं कुठं आहेत?" मृणाली नावाच्या पाहुणीनं विचारलं. मग तिनं गडग्यापलीकडे मान उंचावली. "अगंबाई! तिकडे तर निळा गालिचा आहे! कुणाची जागा?"

इतकी वर्षं मोजणीच्या नावाखाली पट्ट्याला विळासुद्धा लागला नव्हता. भाऊबंदकीइतकं चोख निसर्गसंवर्धन कुठल्याच खात्याला जमलेलं नाही.

"माझीच!" दादांची छाती फुगली.

"मग जायचं कुठून?"

दादांनी बहिणीकडे पाहिलं. तिचे डोळे त्यांना आत्ता नीट दिसले. ते खाली वाकले आणि गडग्याचे दगड स्वतः काढू लागले.

खिंडार पुन्हा बुजवायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिथल्या चिखलात भेकराचं पाऊल उमटलं होतं. पावसानं ते पुसलं जाऊ नये म्हणून दादांनी त्यावर आंब्याची टोपली पालथी घातली. आता येईल त्या पाहुण्याला ते टोपली उचलून दाखवतात, "आमच्या पट्ट्यातलं भेकर हो! उमाच्या सड्यावर नुसतं चरायला जातं."

"दादा, मोजणी आणू या का एकदा?" उमाताई हळूच विचारतात.

"कसली घाई आहे गो तुला?" दादा टोपली झाकत म्हणतात.