ग्रोप्लरांचं गाव

वॉल्टर गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, एरिकाने, मंगळवारी सकाळी केला. मी मेथी निवडत होते. ऐकल्यावर पहिलं मनात काय आलं, तर... गाव राहिलंच की! शेजारी गेला आणि हिला गावाची पडलीय, असं कुणालाही वाटेल. पण अकरा वर्षं दर रविवारी आम्ही दोघं ते एकच गाव शोधत होतो, आणि त्याला त्या नादाला मीच लावलं होतं.

नवरा गेल्यावर मी इकडे कॅनडात, किचनरला राहायला आले. पहिल्याच विंटरमध्ये शेजारचा हा उंच म्हातारा न विचारता माझा ड्राइव्हवे शोव्हल करत होता. मी चहा दिला आणि कप त्याच्या हातात पडायच्या आत आडनाव विचारलं. भोचकपणा माझा जुनाच. "ग्रोप्लर," तो म्हणाला. अर्थ त्याच्या आजोबांनाही ठाऊक नव्हता. जर्मनीत मूठभर घरं, कॅनडात त्याच्या माहितीत हा एकटा. एरिकाने लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलेलं. मी म्हटलं, "अहो, मग गाव शोधा! आम्ही बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे, पण कोकणात नागावला राहिले म्हणून आम्ही नागावकर. आडनाव काय आकाशातून पडतं? गाव असणारच." कुठल्या अधिकाराने बोलले, देव जाणे.

झालं! पुढच्या रविवारी स्वारी नकाशे घेऊन हजर. त्याची बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझ्या डायनिंग टेबलवर जर्मनी पसरायची, मी पोहे करायचे आणि भिंगातून आम्ही एकेक गाव वाचत जायचो. फार बोलायचो असंही नाही. "मरायच्या आत एकदा तिथे उभं राहायचंय," असं तो एकदा म्हणाला, आणि तेव्हापासून मला धास्तीच बसली. पुढे तो थकला, हातात काठी आली, पण रविवार चुकला नाही. कधी मीच कंटाळून म्हणायचे, "वॉल्टर, ते गाव कधीच बुडालं असेल, सोड आता." त्यावर तो म्हणायचा, "अजून बव्हेरिया राहिलंय." मग मी पुन्हा चष्मा लावायचे.

तो गेल्यावर दोन आठवड्यांनी एरिका नकाशे द्यायला आली. त्यांच्यासोबत एक पत्र होतं, जर्मनीतल्या कुठल्याशा दफ्तरखान्याचं. तिनेच वाचून दाखवलं. तिकडच्या जुन्या बोलीत ग्रोप म्हणजे मातीचं भांडं. ग्रोप्लर म्हणजे कुंभार. आडनाव धंद्यावरून आलेलं, या नावाचं गाव शोधण्यात अर्थ नाही... पत्राची तारीख सात वर्षांपूर्वीची होती.

माझं डोकंच सणकलं. कुंभार तर कुंभार, मला सांगायला काय झालं होतं? सात वर्षं डोळे फोडून घेतले मी त्या नकाशांवर!

"यू नो डॅड," एरिका म्हणाली. "गाव नाहीच असं कळलं, तर तुम्ही रविवारी बोलवणं बंद कराल... ही वॉज स्केअर्ड ऑफ दॅट."

मला रागही आला आणि रडूही. "अगं, मी काय गावासाठी बोलवत होते त्याला?"

एरिका पत्राची घडी घालत होती. "आय डोन्ट थिंक ही न्यू दॅट," ती म्हणाली.