मेलेला घोडा आणि माझी वकिली

लातूरच्या मोंढ्यात माझी आडत आहे. दिवसभर तूर, हरभरा, सोयाबीन. आणि गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात एक जाडजूड कादंबरी. राजे, किल्ले, उडते अजगर आणि राक्षस यांची. पाच भाग आलेले, सहावा यायचा होता. पाचव्याच्या शेवटच्या पानावर राणीला कपटानं कोरड्या विहिरीत ढकललेलं, आणि तिथून लेखक जो गप्प झाला तो झालाच. वर्षं गेली. इकडं माझ्या जिवाला घोर. रोज सकाळी विभूती लावताना मनात यायचं, बाईचं काय चाललं असेल! बायको डबा भरताना म्हणायची, "दोन भाकरी जास्त बांधल्यात. त्या विहिरीतलीला नेऊन द्या."

या मालिकेवर टीका लई झाली. पोरकट म्हणाले, फुगवलेली म्हणाले. सगळ्यात जास्त राग राक्षसांच्या बोलण्याचा. राजा छापील बोलतो आणि राक्षस आपल्या इकडचं. मला तर तेच आवडलं. लढाईच्या तोंडावर राक्षसांचा सरदार फौजेतून फिरतो आणि एकेकाला विचारतो, "जेवलास का बे?" एवढं वाचून मी दुकानात डोळे पुसत बसलो. समोर शिरूर अनंतपाळचा एक शेतकरी विकलेल्या मालाच्या हिशेबपट्टीची वाट बघत उभा. घाबरून म्हणाला, "आप्पा, भाव लईच पडला का?"

तर नांदेडच्या एका वाचनालयात हे लेखक बोलणार असल्याचं कळलं. राहायला तिथंच जवळ विष्णुपुरीला, म्हणजे आपल्यातलेच. बायकोला घेऊन गेलो. लेखक वाळकेसे, हळू बोलणारे. शेवटी म्हणाले, "सहावा भाग अर्धा झालाय. पण टीका वाचली की हात चालत नाही. बहुतेक राहूनच जाईल."

राणी जन्मभर विहिरीत! मी उठलो. बायकोनं शर्टाचं टोक धरलं, ते सोडलंच नाही आणि मी तसाच वाकडा उभा.

आता मोंढ्यात आमची एक रीत आहे. ढिगातली खोट गिऱ्हाइकानं काढायच्या आत आपणच सांगून टाकायची. माल जरा ओला हाय, खडे हायत, पण दाणा बघा! मग समोरच्याला बोलायला काही उरत नाही. त्याच रितीनं मी सुरू केलं.

"साहेब, मी तुमच्या बाजूनं बोलायलोय. लोक म्हणतात, सेनापतीचा घोडा दुसऱ्या भागात मेला आणि चौथ्यात कडबा खायलाय. म्हणू द्या! लोक म्हणतात, तिसऱ्यात अमावस्येला चांदणं पडलंय. म्हणू द्या! राजाला आधी दोन भाऊ होते, पाचव्यात तीन झाले. होतात! आईबाप हयात हायत त्यांचे."

सभागृह हसायला लागलं. मला वाटलं, जमलं. लेखकांनी मात्र खिशातून पेन काढलं होतं.

"घोडा कोणता म्हणालात?"

"पांढरा. सेनापतीचा."

"आणि चांदणं?"

"तिसरा भाग. पूल जळतो तिथं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "टीकाकारांनी यातलं एकही काढलं नव्हतं हो. ते बिचारे नुसतं भाषेवर बोलत होते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोक म्हणतात, लोक म्हणतात म्हणत होतो, ते लोक म्हणजे मीच. इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुणी वाचलीच नव्हती. "पण दाणा बघा" म्हणायला तोंड उघडलं, तोवर आभार मानणारे माईकपाशी पोचले होते.

परतताना लोह्याला चहाला थांबलो. बायको बशीत चहा ओतत म्हणाली, "बरं झालं. विहिरीवर झाकण पण घालून आलात."

पुढं बरेच दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. राणी माझ्यामुळं गेली, असंच धरून चाललो होतो. आणि एक दिवस सहावा भाग आला!

पांढऱ्या घोड्याला जुळा भाऊ असल्याचं पहिल्याच प्रकरणात निघालं. पुढं किल्ल्याला वेढा पडतो, तेव्हा तटावर एक जाडा धान्यव्यापारी चढतो, कपाळाला विभूती, आणि राजाची बाजू घेऊन शत्रूला ओरडून सांगतो, "उत्तरेचा तट ढासळलाय म्हणतात, म्हणू द्या! तोफांची दारू भिजली म्हणतात, म्हणू द्या!" राक्षसांचा सरदार शांतपणे वर येतो. विचारतो, "जेवलास का बे?"

"हाव," व्यापारी म्हणतो.

"मी न्हाई," म्हणत राक्षस त्याला गिळतो.

बायकोला ते पान वाचून दाखवलं. ती ओट्याला टेकून हसली. "फोटोच काढलाय की तुमचा!"

राणी शेवटी विहिरीतून निघाली. तिच्या राज्याभिषेकाचं वर्णन मी उभ्यानंच वाचलं. गर्दीत सगळ्यात पुढं, टाळ्या पिटत, विभूती लावलेला एक जाडा धान्यव्यापारी उभा आहे. तोच. गिळलेला.

लेखकांची जुनी खोड असेल. नाहीतर त्यांनी मला मुद्दाम पोटातून बाहेर काढलं असेल. विचारायचं धाडस केलं नाही. मालातली खोट जन्मात पहिल्यांदा पोटात ठेवली, बायकोलासुद्धा सांगितली नाही. आता इथं लिहून बसलो, ते वेगळं.