मामा-भाची

समाजशास्त्राचं एम.ए. मी शेवगावच्या पुढं, विद्यापीठाच्या एका लहानशा केंद्रात केलं. तिथून थोडं गेलं की मराठवाडा लागतो. मी पारनेरची. हद्दीवरच्या गावातली एक मुलगी माझ्याबरोबर खोलीवर राहायची. वर्गात नियमित अशा आम्ही दोघीच.

मानवशास्त्राच्या पेपरला नातेसंबंध होते. सर सांगत होते, उत्तरेत नात्यातलं लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामा-भाचीचंसुद्धा चालतं, आणि आपण मधे, सीमेवर. मी उतरवून घेत होते. ती हाताची घडी घालून बसली होती.

"सर, हे थांबवायचं कसं, ते कुठल्या पुस्तकात हाय?"

सर हसले. "पुस्तकात हे का होतं, तेवढंच असतं."

खोलीवर आल्यावर तिनं सांगितलं. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं, सख्ख्या, एकुलत्या एका मामाशी. "त्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाह्यली मी. आता त्याला काय म्हनू?"

मी सरांच्या मागं लागले. ती शनिवारीच घरी गेली होती, रविवारी मी आणि सर एसटीनं तिच्या गावी गेलो. वडिलांनी सतरंजी टाकली, चहा आला. पोरगी हुशार आहे, निदान परीक्षा होऊ द्या, जवळच्या रक्तात पुढं मुलांना त्रास होतो, असं सर बोलत राहिले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, बाहेरचं घर कसं निघंल, कोन सांगनार? ह्यो घरातला. आन् आपल्या भागात हे चालतं, असं तुमीच शिकवलं ना? पोरगीच सांगत हुती."

ती दारात उभी होती. ही रीत कुठून आली, हे तिनं भांडताना घरात समजावलं होतं. त्यातलं वडिलांनी हवं तेवढं उचललं. सरांनी कप खाली ठेवला.

परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी बायको माझ्या मामाचीच मुलगी आहे."

लग्नाला मी गेले. नवरीच्या मागं तिचा मामा उभा राहतो. तिच्या मागं लांबच्या नात्यातला कुणीतरी उभा केला होता.

परीक्षेला ती आली नाही. नातेसंबंधांवर प्रश्न आला, मी तो चांगला लिहिला. पुढं केंद्रातला आमचा विषय बंद झाला. प्राध्यापकाच्या जागा निघेनात, म्हणून मी नगरला, सावेडीत एका क्लासमध्ये शाळेच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. सुरुवातीला ती फोन उचलायची, "बरी हाय" म्हणायची. मग नंबर लागेनासा झाला.

गेल्या वर्षी शेवगावच्या स्टँडवर तिची आई भेटली.

"सुखात हाय ना ती?" मी विचारलं.

"हाय की. आन् रुसून आली, तरी मी भांडू कुनाशी? माझ्याच भावाशी?"

असं म्हणून ती हसली. नगरची गाडी लागली होती, मी चढले.