दिरांच्या खांद्यावरचं मीठ

मुलांनो, फायटर जेट उडवणं गेमसारखंच असेल, असं तुम्ही काल फोनवर म्हणालात, म्हणून कपाटातला रॉकेलसारख्या वासाचा हातमोजा समोर ठेवून आजच लिहितेय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझा धाकटा भाऊ, हवाई दलातला पायलट, सुट्टीवर राई गावात आमच्या घरी आला होता. त्याचा जिवलग मित्र नुकताच विमान कोसळून गेला होता. आमच्या मिठागरावर मिठाच्या पांढऱ्या राशींजवळ खुर्ची टाकून बसलेले माझे मोठे दीर त्याला म्हणाले, "बसून बटणं दाबायची, त्यात मरायला काय झालं? डुलकी लागली असंल." मी म्हटलं, "भावोजी, बसा तसेच," आणि दोघा मजुरांकडून मिठाचं भरलेलं पोतं त्यांच्या खांद्यांवर ठेवून घेतलं. "आता मागे वळून शत्रू कुठे आहे ते सांगा." त्यांची मान तसूभर हलेना. "अरे, काढा रं! मान मोडंल माझी!" भाऊ शांतपणे म्हणाला, "हे वजन फक्त दुप्पट झालं, दादा. विमान वेगात वळतं तेव्हा आमचं वजन सातपट होतं, तरी मागे बघावंच लागतं. ताई, पुरे आता." "माफी मागेपर्यंत नाही," मी म्हणाले. घामाघूम झाल्यावर त्यांनी मागितली. त्या दुपारचं जेवण मला फार गोड लागलं. जाताना भावाने हा हातमोजा माझ्याकडे ठेवला. आता ते मिठागर नाही, भाऊ आणि दीर दोघेही नाहीत. हातमोजा आहे, आणि माझा रागही आहे.