काचेला चिकटलेला फोटो

माजलगावात आमचा लहानसा स्टुडिओ आहे. नवरा लग्नांचं शूटिंग करतो, मी कॉम्प्युटरवर बसते. पासपोर्ट फोटोचं बॅकग्राउंड पांढरं करायचं, नवरीचा चेहरा उजळवायचा, अल्बमच्या तयार पानांत फोटो बसवायचे, एवढं मला येतं. इतकी वर्षं तेवढ्यावर भागलं आणि तेच ते करून मी कंटाळूनही गेले.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुमारास एक बाई आली. ऊसतोडीला कर्नाटकात निघायच्या गडबडीत होती. पिशवीतून तिनं टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम काढली. आत तिच्या वारलेल्या आईचा फोटो. घरात पाणी शिरलं तेव्हा तो भिजला आणि वाळताना काचेलाच चिकटला. चेहऱ्याची उजवी बाजू शाबूत होती. डावीकडे डोळा नाही, गाल नाही, नुसते पिवळट डाग.

"मायचा एवढाच फोटो हाय, ताई. नीट हुईल का?"

होईल म्हणाले. गिऱ्हाइकाला होईल म्हणायची सवयच लागलेली असते.

सोलून काढला असता तर उरलेलाही गेला असता, म्हणून काचेसकट स्कॅन केला आणि मोबाईलमधल्या एका अॅपवर टाकला. चेहरा लगेच पूर्ण झाला. गाल गुळगुळीत, दोन्ही डोळे अगदी सारखे. दुसऱ्या दिवशी तिला दाखवला. तिनं तो दाराशी उजेडात नेऊन बघितला.

"लई चांगलं केलंय तुमी. पण ही माय न्हाई."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. आपलीच चूक असल्यासारखी तिनं मान खाली घातली. "मी हंगाम संपवून येते, तवर ठिवा," म्हणाली आणि फ्रेम माझ्याकडे सोडून गेली.

मग मी शिकायचं ठरवलं. इंटरनेटवर सगळं मिळतं म्हणतात. मिळतंही, पण माझ्यासारखीला नाही. इंग्रजी व्हिडिओतला माणूस भराभर बोलत जायचा. त्याच्या पडद्यावरचं बटण माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सापडायचंच नाही. हिंदी व्हिडिओ मला येतं तेवढंच शिकवायचे आणि खरं काम आलं की पुढचं कोर्समध्ये बघा म्हणायचे. बीडला एक दिवसाची कार्यशाळा होती, तिथंही एसटीनं गेले. दिवसभर अल्बमची नवी डिझाइन्स दाखवली. फाटक्या फोटोचं विचारलं तर शिकवणारा म्हणाला, "त्याला आता अॅप आहे ना, मॅडम." परतीच्या गाडीत माझं डोकं ठणकत होतं.

शेवटी नवऱ्यानंच सांगितलं, अंबाजोगाईत एक जुने फोटोग्राफर आहेत, निगेटिव्हवर पेन्सिलीनं चेहरे दुरुस्त करायचे. गेले. ऐंशीच्या घरातले काका, हात थरथरणारे. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. मी नेलेली स्कॅनची प्रिंट त्यांनी खिडकीशी धरली.

"उजेड कुठून आलाय?"

मला सांगता येईना. स्टुडिओ चालवते मी, आणि सांगता येईना.

"आधी ते बघ, बाई. नाकाची सावली बघ. आणि भोक दिसलं की लगेच बुजवायला धावू नको. त्याच्या कडेचं आधी नीट कर." मग त्यांनी विचारलं, "हिच्या रक्ताचं कुणी आहे का? बहीण?"

मी त्या बाईला फोन लावला. ती उसाच्या फडावर होती, मागं कोयत्यांचा आवाज येत होता. मावशी धारूरकडे एका गावात असते म्हणाली. मी तिथं गेले. मावशीला दारात बसवून, फोटोत उजेड ज्या बाजूनं होता त्याच बाजूनं घेऊन, चेहरा टिपला. मावशी म्हणाली, "माझ्यावानी नव्हता तिचा डावा डोळा. जरा बारीक व्हता. हासली की मिटायचा." हे कुठल्याच व्हिडिओत मिळालं नसतं.

हिवाळाभर अल्बमच्या कामातून वेळ काढून काम केलं. काका प्रिंटवर पेन्सिलीनं खुणा करायचे, मी घरी येऊन त्या पडद्यावर उतरवायचे. चार वेळा सगळं पुसून पुन्हा केलं. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. डावा कान कसा होता ते मावशीलाही आठवेना. तो मी बनवला नाही, सावलीत जाऊ दिला.

हंगाम संपवून बाई आली, उन्हानं रापलेली, बोटांना चिंध्या बांधलेली. फोटो हातात घेऊन खाली फरशीवरच बसली.

"मायच्या जवळ आली," ती म्हणाली.

बरोबर आहे म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. नवा फोटो आणि जुनी फ्रेम टॉवेलात गुंडाळून ती गेली. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि घरी जाऊन झोपले.

काकांना आता मुलगा लातूरला घेऊन गेलाय. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. जुन्या फोटोत उडालेला रंग परत कसा आणायचा, हे त्यांना विचारायचं राहिलं. ते शिकवणारं दुसरं कुणी अजून भेटलेलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी इंग्रजी व्हिडिओ लावते, दर दोन वाक्यांना थांबवते आणि कळलं तेवढं वहीत मराठीत उतरवून घेते.