आधी तुझा पाय दाखव

अगं पोरी, फोन कानाला नीट लाव. महिना झाला, तुझा फोन न्हाई. असल्या गोष्टी मी कुणाला सांगायच्या?

वडवणीच्या बाजारात एक नालबंद बसतो. त्याचं नाव मला ठाऊक न्हाई. नाल ठोकायच्या आधी तो बैलाचा खूर उचलून हुंगतो अन् मालकाला म्हणतो, "आता तुझा पाय दाखव."

परवा आमच्या गावचा गाडीवान लंगडा बैल घेऊन गेलता, मीबी बाजाराला संगं होते. त्याला ऊसतोडीला निघायचं होतं. नालबंदानं बैलाचा सडका खूर बघितला, गाडीवानाची चिघळलेली टाच बघितली अन् हातोडा पिशवीत टाकला.

"नाल मार की बे, उद्या निघायचंय."

"बैलाचा खूर अन् तुझी टाच एकाच वढ्यात सडलीय. वढ्याला नाल मारू का?"

मी हसले, तसा माझ्याकडं वळला. "मावशी, तुमी धुनं कुठं धुता?"

मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

वढ्यात काळं पाणी सोडणारा पाइप कुणाचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक हाय. मासे मेले, बेडकं गेली, तरी आमी गप्पच होतो. दुसऱ्या दिवशी मात्र गाडीवानानं त्या पाइपाच्या तोंडाशी गाडी आडवी लावली. नालबंदबी तिथंच येऊन बसलाय. लिंबाचा पाला उकळून बैलाचा खूर धुतो, त्याच पाण्यानं गाडीवानाची टाच धुतो, अन् आता माझीबी.

तर तू लवकर ये. घराला कुलूप दिसलं तर माघारी फिरू नको. मी पाइपापाशी बसलेली असते.