झाकण लागल्यावर

माझाच आवाज स्पीकरवर लागला तेव्हा माझ्या हातात मोदकांच्या डब्यांचा ट्रे होता.

“गुड मॉर्निंग मॅडम. युअर ऑर्डर... युअर ऑर्डर सेंड बाहेर.”

सगळे हसले. मी ज्यांच्याकडे कामाला होते त्या वहिनींनी दादरला किचनसाठी नवा गाळा घेतला होता, त्याची पूजा होती. जुनी गिऱ्हाइकं आली होती. जरा आधी त्याच स्पीकरवर आरती चालू होती. आता मी चालू होते. माझ्या आवाजामागे आमच्या मोरीतला नळ वाहत होता, तोसुद्धा ऐकू येत होता.

“थांबा, थांबा, अजून एक आहे,” वहिनी म्हणाल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसरं लागलं. त्यात मी मध्येच अडखळते आणि म्हणते, “वहिनी, हे चुकलं. हे पुसून टाका हां.”

ह्याला सगळ्यात जास्त हसले.

पुसलं नव्हतं. एकही पुसलं नव्हतं.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे आई कामाला जायला लागली आणि धाकटी भावंडं माझ्या कडेवर आली. पण लिहिता येतं. बोलता येत नाही, चार माणसांत तोंड उघडायची मला लहानपणापासून भीती. म्हणून लिहिते.

वहिनींकडे मी मोदक वळायला लागले तेव्हा त्यांचं किचन म्हणजे त्यांच्या घरातली मागची खोली होती. मी परळहून चालत जायचे. उकड मळायची, पारी करायची, कळ्या पाडायच्या. वहिनी शेजारी बसून सारण भरायच्या. घरातलं सगळं मला सांगायच्या. मुलाचं, सासूचं. एकदा माझ्या घरी आल्या. आमच्या चाळीच्या तोंडाशीच बुद्धविहार आहे, त्यामुळे आम्ही कोण हे विचारायची कुणाला गरज पडत नाही. वहिनींनी चहा घेतला, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. म्हणाल्या, “मी असलं काही मानत नाही गं. तू माझी धाकटी बहीण.”

मी ते धरून ठेवलं. घरात कुणी वहिनींबद्दल वेडंवाकडं बोललं तर मी भांडायचे.

गेल्या वर्षी त्यांनी एकदम सांगितलं, “उद्यापासून तू आत नको बसूस. पार्सल बघ. किती वर्षं वाफेत बसणार? तुला पुढे आणायचंय मला.”

पार्सलचं काम म्हणजे डबे भरून, झाकण लावून आतून यायचे. मी पिशवीत घालायचे, नाव चिकटवायचे, नेणाऱ्याच्या हातात द्यायचे. मग गिऱ्हाइकाला फोन करायचा. परळच्या नव्या टॉवरमधली गिऱ्हाइकं, त्यांना मराठी नको. वहिनींनी मला वाक्य शिकवलं. वी हॅव सेंट आऊट युअर ऑर्डर. नुसतं सेंड नाही म्हणायचं. सेंट आऊट. म्हणजे माल आपल्याकडून रवाना झाला.

“घरी बोलून बघ आणि मला रेकॉर्ड करून पाठव,” त्या म्हणाल्या. “लाजू नकोस. मीच ऐकणार.”

मी मोरीत जाऊन नळ सोडायचे. शेजारी ऐकतील म्हणून. पाण्याच्या आवाजात ते वाक्य म्हणायचे. चुकायचे, परत म्हणायचे. जीभ वळायची नाही. वहिनी उत्तरात अंगठा पाठवायच्या. कधी फूल. एक दिवस एका मॅडमला फोन केला, वाक्य सरळ बाहेर पडलं, आणि ती “थँक यू सो मच” म्हणाली. त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं. पोरीने विचारलं, कशाचं? मी म्हटलं, खा तू.

मला वाटलं होतं, मी पुढे आले.

पूजेच्या दिवशी सकाळी वळणाऱ्या दोघी बाया आल्याच नाहीत. वहिनींचा फोन आला. “लवकर ये गं, माझी लाज राख.” मी गेले. दार लावून वहिनींनी मला आत बसवलं. पाहुण्यांना द्यायचे सगळे मोदक मी एकटीने वळले. वाफेने बोटं लाल झाली. मला बरं वाटत होतं. जुने दिवस आल्यासारखं. लोक यायच्या आधी वहिनी म्हणाल्या, “जा, साडी बदल, आणि तू समोर थांब. डबे वाट.”

आणि मग तो स्पीकर.

हसणं थांबल्यावर वहिनींनी फोन बाजूला ठेवला. “आता ऐका हं, आता कशी बोलते. म्हण गं.”

मी म्हटलं. काय करणार? ट्रे हातात धरून, मान खाली घालून म्हटलं. वी हॅव सेंट आऊट युअर ऑर्डर. बरोबर म्हटलं.

टाळ्या वाजल्या. बालवाडीतल्या पोराने कविता म्हटल्यावर वाजवतात तशा. एक बाई म्हणाली, “ओ, सो स्वीट!” चुकीला हसले तेव्हा लाज वाटली होती. बरोबरला टाळ्या पडल्या तेव्हा अंगावर काटा आला.

फणसवाडीच्या काकू पुढच्या खुर्चीवर होत्या. सर्वात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि वहिनींना विचारलं, “हीच ना ती? आता आत नसते ना?”

आवाज फार हळू नव्हता.

“छे हो काकू,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही बोललात ना, तेव्हापासून पार्सलवरच. झाकण लागल्यावर तिचा हात.”

मी दोन पावलांवर उभी होते. वहिनींना माहीत होतं मी ऐकतेय. त्यांना वाटलं असेल, हिला चालतं.

तेव्हा कळलं. मला पुढे आणलं नव्हतं. आतून काढलं होतं. आणि काढलेलं कळू नये म्हणून हातात एक इंग्रजी वाक्य दिलं होतं. वर्षभर मी मोरीत उभी राहून ते वाक्य घोकत होते.

एवढ्यात कुणी उशिरा आलेली बाई आत शिरली. वहिनी तिला म्हणाल्या, “अगं, तू मिस केलंस! म्हण गं परत एकदा.”

“नाही म्हणणार.”

हे मीच बोलले. मला दोन क्षण खरं वाटेना.

“लाजतेय,” वहिनी हसल्या. “म्हण ना.”

मी ट्रे टेबलावर ठेवला. एक डबा घेतला. झाकण काढलं आणि काकूंच्या समोर धरला.

“काकू, हे मोदक मी वळलेत. आज सकाळी. सगळे.”

काकूंच्या हातातल्या डब्यात दोनच उरले होते. त्यांनी डबा खुर्चीखाली ठेवला आणि हात साडीला पुसला. पुसला. खायच्या आधी नाही, माझं ऐकल्यावर.

मी वहिनींकडे बघितलं. एवढंच हवं होतं मला. हो म्हणा. सकाळी दार लावून मला कुणी बसवलं, तुम्हीच ना? सारण कुणी भरून दिलं?

वहिनी म्हणाल्या, “काहीतरीच काय बोलतेस! काकू, खोटं बोलतेय हो ती. हसले म्हणून राग आलाय तिला.”

माझी बोटं अजून लाल होती. मी ती पुढे केली नाहीत. कुणाला दाखवायची? मी चपला घातल्या आणि परळपर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. आवाज तोच, बहिणीचा. “माझी गिऱ्हाइकं तुटतील गं. तू काकूंना एक फोन कर. सांग, मी चिडून खोटं बोलले. मग ये कामाला. मी मनात काही ठेवणार नाही.”

मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही मनात काय ठेवलंत ते मी बघितलं.”

“म्हणजे येणार नाहीस?”

“फोन करणार नाही.”

“एवढा माज?”

मी फोन ठेवला. काम गेलं. पोरीची शाळा आहे. घरातले म्हणतात, कर ना एक फोन, तोंडाने म्हटलं म्हणून काय झिजणार आहे?

झिजेल. त्या बाईने माझे मोदक खाल्ले आणि मी स्वतःच्या तोंडाने सांगायचं की ते माझे नव्हते? तेवढं माझ्याच्याने होणार नाही. उपाशी राहिले तरी नाही.

मी दुसरं काम शोधतेय. पार्सलचं मिळालं तर पार्सलचं. ते वाक्य मला येतं आणि ते आता माझं आहे, मी नळाशी उभी राहून मिळवलंय. माल रवाना केला की मी ते म्हणेन. कुणी हसायला किंवा टाळ्या वाजवायला बसलं असेल तर म्हणणार नाही.

आणि जिथे जाईन तिथे पहिल्या दिवशी सांगेन मी कोण, कुठल्या चाळीतली. कुणी विचारायच्या आधी. माझ्या हातचं चालत असेल त्यांनीच मला कामाला ठेवावं. माझ्या हातचं चालत नाही म्हणून झाकणाच्या ह्या बाजूला मी पुन्हा उभी राहणार नाही.